कौमारभृत्य: शाखेचें नांव आणि वैद्याचा अधिकार

आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्याची गणना चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत आहे. यावरून, बालरोगांचे स्वतंत्र व अधिकृत वैद्य आपल्याकडे प्राचीन काळापासून होते, असें विधान पुष्कळदां केलें जातें. तें साधनांच्या कसोटीस कितपत उतरतें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. शाखा असणें ही एक गोष्ट. परीक्षा घेऊन त्या शाखेचा अधिकार देणें ही दुसरी.

प्रथम ग्रंथ पाहूं. या शाखेचा मुख्य उपलब्ध ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता ऊर्फ वृद्धजीवकीय तंत्र. नेपाळांत सांपडलेल्या खंडित ताडपत्री पोथीवरून तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. संपादक यादवजी त्रिकमजी आचार्य. नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांचा विस्तृत उपोद्घात त्यास जोडलेला आहे. पोथीचीं पुष्कळ पानें गेलेलीं असल्यामुळें कित्येक अध्याय मध्येंच तुटतात. ज्या शाखेचें नांव प्रत्येक वैद्याच्या मुखीं, तिचा आधारग्रंथ अशा तुटक पोथीनें तारला, हें पोथीसंग्राहकांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे.

या संहितेनें कौमारभृत्यास आठ अंगांत अग्रस्थान दिलें असून आपल्या परंपरेची एक कथाहि सांगितली आहे. ऋचीकपुत्र जीवकानें हें तंत्र संक्षिप्त केलें. पण बालकाचें भाषण म्हणून ऋषींनीं तें स्वीकारलें नाहीं. तेव्हां पांच वर्षांच्या जीवकानें कनखल येथें सर्वांसमक्ष गंगेंत बुडी मारली, आणि क्षणांत पिकल्या केसांचा व सुरकुतलेल्या अंगाचा होऊन तो वर आला. मग ऋषींनीं त्यास वृद्धजीवक हें नांव दिलें व तंत्रास मान्यता मिळाली. ही कथा इतिहास नव्हे. पण तिच्यांतील अडचण खरी आहे. ग्रंथ सिद्ध असूनहि मान्यता देणारे निराळेच होते.

ही मान्यता व्यवहारांत कोण देई? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील दहाव्या अध्यायांत, शास्त्र शिकलेल्या, कर्म पाहिलेल्या व हात बसलेल्या वैद्यानें राजाची अनुज्ञा घेऊन व्यवसायांत पडावें, असें सांगितलें आहे. हा नियम महत्त्वाचा खरा. परंतु ही अनुज्ञा सामान्य वैद्यत्वाची आहे. कौमारभृत्याची वेगळी परीक्षा वा वेगळी सनद यांचा उल्लेख त्या अध्यायांत नाहीं. तेव्हां शाखा प्राचीन, हें विधान ग्राह्य. तिची सनद प्राचीन, हें मात्र या आधारांवरून सिद्ध होत नाहीं.

विशेष शाखेच्या सनदेची पद्धति अर्वाचीन आहे. मुंबई इलाख्यांत १९१२ च्या व मध्यप्रांतांत १९१६ च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंद सुरू झाली. तीहि सुश्रुतोक्त अनुज्ञेप्रमाणें सामान्यच होती. अमेरिकेंत बालरोगशास्त्राचें परीक्षक मंडळ १९३३ सालीं निघालें. पुढें त्या शाखेसहि पोटशाखा फुटल्या. नवजात शिशूंच्या चिकित्सेची परीक्षा तेथें १९७५ सालीं, तर रुग्णालयांत ठेवलेल्या मुलांच्या चिकित्सेची अगदीं अलीकडे, २०१९ सालीं सुरू झाली.

आपल्याकडील क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम रुग्णालय आलें: परळचें मुलांचें वाडिया रुग्णालय १९२९ चें. नंतर मंडळी जमली. १९५० सालीं मुंबईंत डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्या पुढाकारानें बालरोगतज्ज्ञांची संस्था निघाली; ती व कलकत्त्याची संस्था मिळून १९६३ सालीं भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमी झाली. नवजात शिशूंकरितां झटणारांचें मंडळ १९८० सालीं स्थापन झालें. परंतु अशा मंडळांना परिषद भरवितां येते, विद्यापीठाची पदवी देतां येत नाहीं. डी. एम. ही नवजातशास्त्राची पदवी विद्यापीठांकडून व वैद्यक परिषदेच्या मान्यतेनेंच येणार. त्या परिषदेची जागा २०२० सालीं राष्ट्रीय वैद्यक आयोगानें घेतली.

नागपुरापुरतें पाहिलें तरी हेंच दिसतें. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चें. तेथील पदवी प्रथम नागपूर विद्यापीठ देई. १९९८ सालीं नाशिकचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर तो अधिकार तिकडे गेला. शिकण्याची खाट नागपुरांतच राहिली, सनदेवरील सही बदलली.

या भेदास महत्त्व आहे, कारण आजारी मूल स्वतःची व्यथा सांगूं शकत नाहीं, आणि त्याच्या आईला वैद्याची विद्या तपासतां येत नाहीं. तिच्या वतीनें कोणीतरी ती आधींच तपासलेली असावी लागते. प्राचीन नांवाचा अभिमान हें काम करूं शकत नाहीं.

वऱ्हाड-नागपूरकडील जुन्या वैद्यघराण्यांच्या दप्तरांत कुमारतंत्राच्या पोथ्या, बाळगुटीचे व ग्रहपीडेचे उतारे, गुरूंचीं शिफारसपत्रें किंवा भोंसले दरबारचीं वैद्यांस दिलेलीं इनामपत्रें असल्यास संग्राहकांनीं तीं उजेडांत आणावीं. एखाद्या पत्रांत मुलांचा वैद्य म्हणून कोणास वेगळा मान दिल्याचें निघालें, तर वर काढलेल्या निर्णयाचा फेरविचार करणें भाग पडेल.