कौटिलीय अक्षपटल व हिशेबाचा ताळा

राजाचें वेतन घेणाऱ्याचा हिशेब खरा कीं खोटा, हें त्याच्याच वहीवरून कसें ठरवावें? आजच्या करखात्यांपुढेंही असलेल्या या प्रश्नाचा विचार कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील सातव्या व आठव्या अध्यायांत आला आहे. शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केला, पुढें रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति १९६० सालीं मुंबई विद्यापीठानें काढली. ग्रंथाचा काल वादग्रस्त आहे. सबब पुढील नियम शास्त्रकाराची योजना म्हणून वाचावे, प्रत्यक्ष आचाराचा पुरावा म्हणून नव्हे.

अक्षपटल म्हणजे हिशेबाचें मध्यवर्ती दफ्तर. हिशेबाचें वर्ष ३५४ अहोरात्रांचें असून तें आषाढी पौर्णिमेस पुरें होई. त्या वेळीं अधिकाऱ्यांनीं मुद्रांकित वह्या व शिल्लक घेऊन यावें, आणि त्यांस एकमेकांशीं बोलूं देऊं नये, असा दंडक आहे. यांतील मर्म उघड आहे. आधीं बोलणें झालें, तर दोन वह्यांची साक्ष एकच होते.

आठव्या अध्यायांत अपहाराचे ४० प्रकार सांगून तपासाची रीत दिली आहे. द्रव्य ठेवणारा निधायक, लिहिणारा निबंधक, घेणारा प्रतिग्राहक, देणारा दायक, देवविणारा दापक, इत्यादिकांस एकेकटें विचारावें. एकाच व्यवहाराच्या या निरनिराळ्या जबान्या जेथें जुळत नाहींत, तेथें शोधास आरंभ होतो.

परंतु जाच एकाच बाजूस नाहीं. कार्मिक हिशेब घेऊन हजर असतां कारणिकानें तो तपासला नाहीं, तर कारणिकास पूर्वसाहसदंड. उलट घडल्यास कार्मिकास दुप्पट. अपहाराची खबर देणारा सूचक ती शाबीत झाल्यास षष्ठांशाचा धनी होतो, न झाल्यास शिक्षेस पात्र ठरतो. म्हणजे विसंगति दिसणें आणि अपराध सिद्ध होणें यांत शास्त्रकारानें अंतर राखलें आहे. हें अंतर राहिलें नाहीं, तर ताळा पाहणें हाच एक जुलूम होईल.

पेशवाईंतील व्यवस्था याच तत्त्वावर उभी दिसते. ती कौटिल्यापासून आली, असें मात्र म्हणतां येत नाहीं. कमाविसदाराच्या जोडीस मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरकदार असत, व त्यांस काढण्याचा अधिकार कमाविसदारास नसे. त्यामुळें जमाखर्चास दुसऱ्या हाताची साक्ष राही.

संग्राहकांस यावरून एक विनंती करावीशी वाटते. रुमाल सोडतांना कोणता कागद कोणत्या घराण्याच्या दफ्तरांतील, हें प्रथम टिपून ठेवावें. दोन याद्या जुळल्या, तरी त्या दोन हातांच्या आहेत कीं एकीची दुसरी नक्कल आहे, हें कागदाच्या मूळ ठिकाणावरूनच बहुधा कळतें. तें ठिकाण एकदां हरवलें, म्हणजे अस्सल कागदाचीही अर्धी साक्ष बुडाली.