22 पैकी 3, 27 पैकी 15

1950 साली स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण मुलींमधल्या एका चिवट काविळीचं वर्णन केलं: रक्तात गॅमा ग्लोब्युलिन भरमसाट. पुढे ऑस्ट्रेलियात इयन मकाय यांनी मांडलं, की इथे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली आहे. मग ती दाबायला स्टेरॉइड द्यायचं? काही डॉक्टर देत होते, खात्री नव्हती.

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये शीला शरलॉक यांच्या टीमने 49 रुग्णांचे दोन गट केले. 1971 मध्ये निकाल छापला: प्रेडनिसोलोन घेतलेल्या 22 पैकी 3 दगावले, न घेतलेल्या 27 पैकी 15.

आज अँटिबॉडी, आयजीजी आणि बायोप्सी जुळवून निदान होतं. उपचार बहुतेकदा त्याच गोळीने सुरू होतो. त्या 15 जणांना कुणी औषध नाकारलं नव्हतं. ते तारतं की मारतं, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्याला ते ठाऊक आहे, ते त्यांच्यामुळे.