तापन अंशदिन
इमारत उबदार राखण्यास लागणाऱ्या इंधनाचा अंदाज बाहेरील हवेच्या तापमानावरून करण्यासाठी योजिलेले माप. दिवसाचे सरासरी तापमान एका ठराविक आधार तापमानापेक्षा जितके अंश कमी असेल, तितके त्या दिवसाचे अंशदिन होत. ते अधिक असल्यास अंशदिन शून्य धरतात. वर्षभराच्या बेरजेवरून त्या ठिकाणच्या हिवाळ्याची तीव्रता कळते.

तापमानांची बेरीज करण्याची कल्पना मूळची वनस्पतींच्या वाढीच्या अभ्यासातील आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये वनस्पतींच्या वाढीचा संबंध दैनिक तापमानांच्या बेरजेशी जोडला. भारतात अभियंता व प्रशासक म्हणून दीर्घकाळ काम केलेले सर रिचर्ड स्ट्रेची यांनी १८७८ मध्ये आधार तापमानाच्या वरील उष्णतेचे वार्षिक मान काढण्याची रीत मांडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील गॅस व तापन उद्योगांनी तीच कल्पना उलट बाजूने, म्हणजे थंडी मोजण्यासाठी, वापरली. घरात सु. ७०° फॅ. तापमान राखले, तरी बाहेरील तापमान ६५° फॅ. च्या (१८·३° से.) खाली गेल्यावरच इंधन लागते, असे दिसून आले, कारण मधली तूट माणसे, दिवे, स्वयंपाक व ऊन यांच्या उष्णतेने भरून निघे. ब्रिटनमध्ये ६०° फॅ. (१५·५° से.) हा आधार रूढ झाला.

आकडेमोड सोपी असते. इमारतीतून दर अंश से. फरकास ०·२ किवॉ. उष्णता बाहेर जात असेल आणि वर्षाचे अंशदिन २,५०० असतील, तर ०·२ × २४ × २,५०० = १२,००० किवॉ. तास उष्णता लागेल. भट्टीची कार्यक्षमता ८० टक्के असल्यास १५,००० किवॉ. तासांचे इंधन खर्ची पडेल.

१९७३ च्या खनिज तेल संकटानंतर घरांचे उष्णतानिरोधन सुधारले आणि विजेची उपकरणेही वाढली. अशा घरांना ६५° फॅ. च्या पुष्कळ खाली तापमान जाईपर्यंत इंधन लागेनासे झाले. त्यामुळे जुन्या आधारावरील अंदाज फुगू लागले. ही उणीव दूर करण्यासाठी प्रिन्स्टन विद्यापीठात मार्गारेट फेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली रीत १९८६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. तीत आधार तापमान आधीच गृहीत न धरता प्रत्येक घराच्या इंधनबिलांवरून व दैनिक तापमानांवरून ते शोधले जाते. त्यामुळे झालेली बचत दुरुस्तीमुळे झाली की केवळ सौम्य हिवाळ्यामुळे, याचा निवाडा करता येतो.

अंशदिनांत वारा, आर्द्रता व ऊन यांचा थेट समावेश नसतो. म्हणून एखाद्या दिवसापेक्षा महिन्याच्या वा वर्षाच्या खपासाठी ते अधिक विश्वसनीय ठरतात.