ओवीच्या आडून मन : एका अभ्यासतंत्राची कुळकथा

स्त्रीमनाच्या अभ्यासाचे मराठीतले मूळ शोधताना बोट सहसा ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या निबंधाकडे जाते. परंतु तो पुरुषसमाजाला विचारलेला जाब आहे, मन जाणून घेण्याचे तंत्र नव्हे. त्या तंत्राचे कूळ जात्यापाशी सापडते.

मानसशास्त्रात ‘प्रक्षेपण तंत्र’ म्हणून एक प्रकार आहे : माणसाला त्याच्या मनातले थेट न विचारता संदिग्ध चित्र दाखवायचे, त्यावर गोष्ट रचायला लावायची आणि गोष्टीतून रचणाऱ्याचे मन ताडायचे. यातली प्रसिद्ध ‘टीएटी’ चाचणी क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ मध्ये मांडली. १९४३ च्या आवृत्तीवर मात्र एकट्या मरे यांचेच नाव राहिले.

हीच युक्ती जात्यावर कितीतरी आधी रुळलेली होती. भल्या पहाटे जात्यात मूठमूठ वैरण घालत दोघी जणी एकच खुंटा ओढत, तेव्हा नवऱ्याविषयीचा संशय उघड बोलणे सुनेला परवडणारे नव्हते. पण विठ्ठल जनीत गुंतला म्हणून रुसलेली रुक्मिणी, किंवा गरोदरपणी वनवासाला धाडलेली सीता, ओवीतून हवे ते बोलू शकत होती. त्याहून नवलाची आहे ती जनाबाईला दळू लागणाऱ्या विठ्ठलाची कथा. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून जाते आजही दाखवतात. ज्या कामाला घरातला पुरुष हात लावत नसे, ते देवाकडून करवून घेणारी ही कल्पना निव्वळ भक्तीची नसून श्रमविभागणीवरचा अभिप्रायही आहे, असे मानायला भरपूर जागा आहे.

ओवीतून गाणारीचे मन कळते या मतावर मोठा आक्षेप असा की ओव्या साचेबंद असतात आणि एकच ओवी गावोगाव गायली जाते, तेव्हा तीत एकीचे मन कुठले? गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि साच्यांची पुनरावृत्ती त्यातही दिसते. तरीही आक्षेप निर्णायक ठरत नाही, कारण साचा सामाईक असला तरी हजारोंतून कोणती ओवी उचलायची, तिला कोणती जोडायची आणि तीत नाव कोणाचे घालायचे, हे दळणारीच ठरवते. सामाईक ओवीत मन नसते असे म्हणणे हे मन एकट्याचेच असते या गृहीतकावर उभे आहे, आणि ते गृहीतक सर्व संस्कृतींना लागू पडत नाही.

चाचणीतले चित्र संशोधक निवडतो, ओवीतले चित्र बाई स्वतः निवडते. म्हणून परक्या चित्रांवर मराठी स्त्रीला बोलते करण्याआधी तिने आपणहून निवडलेली चित्रे वाचणे हा अभ्यासाचा अधिक सरळ मार्ग ठरतो.