काजळी, रोशनाई आणि सरतान

मराठीतला 'शाई' हा शब्द फारसी 'सियाही'वरून आला. सियाही म्हणजे काळेपणा. उर्दूत याच शाईला 'रोशनाई' असेही म्हणतात आणि रोशनाई म्हणजे उजेड. दिव्याची काजळी डिंकात खलून आपले खुशनवीस जी शाई करत, तिला अंधाराचे आणि उजेडाचे अशी दोन्ही नावे मिळाली. इस्तंबूलची सुलेमानिया मशीद १५५७ साली उभी राहिली. तिथल्या दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत जमावी आणि तिची शाई व्हावी, अशी रचना मिमार सिनानने केली होती, असे सांगतात.

या काजळीची दुसरी बाजू १७७५ साली पुढे आली. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्या गरीब पोरांना पुढे होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे मूळ काजळीत आहे. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, हे सांगणारी ही पहिली ठळक नोंद. या आजाराला अरबीत सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा, आणि आपल्या 'कर्करोगा'तला कर्कही तोच.

२००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांना विजेच्या ठिणगीने तयार केलेल्या काजळीत चमकणारे कार्बनचे कण सापडले. २००७ साली साध्या मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात उकळून तसेच कण वेगळे केले गेले. हे कण सहसा दहा नॅनोमीटरहून लहान असतात. एका मिलिमीटरात असे लाखभर कण ओळीने बसतील. अतिनील प्रकाश पडला की ते निळे, हिरवे चमकतात.

आता हे आपल्या गडमुडशिंगीच्या परिसराशी जोडून पाहू. करवीर तालुक्यात गुऱ्हाळ कुणाला नवे नाही. २०१२ साली गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी पाव, बिस्किटे आणि गूळ तपासले. साखर तापते तेव्हा त्यातही असे कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे काहिलीत रस आटताना हेच घडत आले आहे.

औषधाशी याचा संबंध असा. डॉक्सोरुबिसिनसारखे केमोथेरपीचे औषध रक्तातून अंगभर फिरते. गाठीबरोबर ते निरोगी पेशींनाही मारते. केस गळतात, हृदयालाही इजा होऊ शकते. हेच औषध कार्बनच्या कणावर चढवले तर? रक्तापेक्षा गाठीभोवती आम्लता जास्त असते. तिथे पोहोचल्यावर औषधाची पकड सैल व्हावी, अशी जोडणी करता येते. कण चमकत असल्याने तो पेशीत शिरला की नाही, हेही सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

मात्र दोन खोट्या समजुतींपासून सावध राहायला हवे. आपल्या खुशनविसांना नॅनोविज्ञान येत होते, असे म्हणणे इतिहासाशी बेइमानी ठरेल. त्यांना उत्तम शाई करता येत होती, तेवढा मान त्यांना पुरेसा आहे. आणि गुळात हे कण आहेत म्हणून गूळ खाऊन कर्करोग बरा होत नाही. असा संदेश मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नका. हे संशोधन अजून प्रयोगशाळेत आहे. हे कण शरीरात किती काळ राहतात, बाहेर कसे पडतात, हे तपासल्याशिवाय ते रुग्णाला देता येणार नाहीत. तोवर न दुखणारी गाठ किंवा न भरणारी तोंडातली जखम डॉक्टरांना वेळेत दाखवणे, हाच इलाज आपल्या हातात आहे.