दूध-पोळी ते ड्राय फूड: मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड खाण्यावर आहे, पण आपल्या नाही, कुत्र्याच्या. हसू नका. हातात आठ आठवड्यांचं लॅब्रॅडॉरचं नाहीतर जर्मन शेफर्डचं पिल्लू आहे, आणि दुकानात समोर पंचवीस प्रकारच्या पिशव्या आहेत, अशी वेळ ज्याच्यावर आलीये त्याला विचारा.

सुरुवात आपल्या पुण्यातून करू. शिवाजीनगरला सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९२ मध्ये जन्मलेलं एक लॅब्रॅडॉर पिल्लू तिथे शिकलं आणि मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात गेलं. नाव जंजीर. १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या वेळी त्याने जे शोधून दिलं त्यात तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स होतं. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

जंजीरबद्दल बोलताना आपण त्याच्या नाकाबद्दल बोलतो. पण ते नाक जागेवर नेतात चार पाय. आणि मोठ्या कुत्र्याचे पाय घडतात पहिल्या वर्षात. लॅब्रॅडॉरचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचं असतं. वर्षभरात ते तीस किलोच्या आसपास जातं. साठ-सत्तर पट! माणसाचं तीन किलोचं बाळ याच वेगाने वाढलं असतं तर पहिल्या वाढदिवसाला दोनशे किलोचं झालं असतं. इतक्या घाईत हाडं तयार होत असतील, तर त्यांना काय आणि किती मिळतं याला किंमत आहे. आजची गोष्ट त्या 'किती'ची आहे.

घास बाहेर ठेवायची रीत

आपल्याकडे कुत्र्याला खायला घालणं ही जुनी गोष्ट. आपण जेवायच्या आधी कुत्र्या-कावळ्यासाठी घास बाहेर ठेवायची रीत अनेक घरांत होती. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा. साताऱ्याजवळ संगम माहुलीला तर थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात.

पण मान कितीही असो, ताटात काय होतं? घरातलं उरलेलं. भाकरी, ताक, भात, कधी मटणाचं हाड. गावातला कुत्रा त्यावर जगला, कारण तो पंधरा-वीस किलोचा होता, हळू वाढायचा, आणि बाकीचं स्वतः बाहेर शोधून खायचा. पन्नास-साठ किलोचा ग्रेट डेन फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर वाढवायचा, ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

विजेच्या सळ्या विकायला गेला आणि

आता लंडनला जाऊ. साल साधारण १८६०. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन तिथे विजेपासून वाचवणाऱ्या सळ्या विकायला आला होता. बंदरावरची भटकी कुत्री खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटं खाताना त्याने पाहिली आणि त्याला धंदा सुचला, अशी गोष्ट सांगतात. गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून त्याने कुत्र्यांचं बिस्कीट काढलं. गिऱ्हाईक कोण? शिकारी कुत्री पाळणारे श्रीमंत इंग्रज.

गंमत बघा, याच स्प्रॅटच्या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा पोरगा कामाला लागला. पुढे १८९१ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने डॉग शो सुरू केला. तोच आजचा जगप्रसिद्ध 'क्रफ्ट्स'. म्हणजे जातिवंत कुत्र्यांची हौस आणि विकतचं खाणं ही दोन्ही एकाच घरात वाढली.

नंतर १९२२ मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचं डबाबंद डॉग फूड आलं आणि जोरात चाललं. पण दुसऱ्या महायुद्धात टिनाचं रेशनिंग झालं. पत्रा लढाईसाठी हवा, कुत्र्याच्या डब्याला कुठून मिळणार? कंपन्या पुन्हा कोरड्या खाण्याकडे वळल्या. मग १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने नाश्त्याचं सीरियल बनवायचं तंत्र कुत्र्यांच्या खाण्याला लावलं. पीठ आणि मांसाचा लगदा वाफेवर, दाबाखाली शिजवायचा आणि बारीक भोकातून बाहेर ढकलायचा. बाहेर येताच दाब सुटतो आणि तुकडा फुगतो. आपल्या कुरकुऱ्यांसारखंच! मग तो वाळवायचा आणि वरून चरबीचा थर द्यायचा. आज पिशवीत जे दाणे दिसतात ते हेच.

तोपर्यंत सगळ्या कुत्र्यांना एकच पिशवी चालायची. 'लार्ज ब्रीड पपी' हे शब्द पिशवीवर यायला अजून वेळ होता. त्यांच्यामागे जाहिरातीआधी काही प्रयोग आहेत, आणि माझ्या मते ते प्रत्येक मोठ्या कुत्र्याच्या मालकाने ऐकायलाच हवेत.

भरपूर खाऊ घातलं, आणि पाय बिघडले

१९७४. अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. हेडहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेनची पिल्लं घेतली. काहींना पौष्टिक खाणं हवं तेवढं दिलं. काहींना तेच खाणं, पण मोजून, दोन-तृतीयांशच्या आसपास. आपल्या आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पोटभर खाल्लेलं पिल्लू सुदृढ होणार. झालं उलटं. पोटभर खाणारी पिल्लं भराभर वाढली आणि त्यांच्याच हाडांचे-सांध्यांचे त्रास वाढले. मोजून खाणारी बरी राहिली.

पण त्या खाण्यात सगळंच जास्त होतं: कॅलरी, प्रोटीन, कॅल्शियम. मग गुन्हेगार कोण?

१९८५ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या हाझेविंकेल यांच्या गटाने फक्त कॅल्शियम तपासलं. पुन्हा ग्रेट डेनच. जास्त कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडं नीट घडली नाहीत. कारण समजून घ्या. मोठं कुत्रं गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून घेतं, उरलेलं सोडून देतं. लहान पिल्लाचा हा दरवाजा अजून नीट बंद होत नाही. पहिल्या सहा महिन्यांत जितकं द्याल त्याचा मोठा हिस्सा आत जातोच. मग वाढीच्या टोकाशी कूर्चेचं हाड व्हायचं काम बिघडतं.

आणि प्रोटीन? १९९१ मध्ये तिथल्याच नॅप यांच्या गटाने ग्रेट डेनच्या पिल्लांना कमी, मध्यम आणि जास्त प्रोटीनचं खाणं दिलं. हाडांच्या विकारात प्रोटीनचा दोष सापडला नाही. म्हणजे 'चिकन जास्त दिलं म्हणून पाय वाकले' हे आपण टेकडीवर ऐकतो ना, त्याला इथे आधार मिळत नाही.

शेवटचा प्रयोग लॅब्रॅडॉरवरचा, प्युरिनाच्या शास्त्रज्ञांचा. ४८ पिल्लं, एकाच वेताच्या जोड्या केलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचे खुब्याचे सांधे जास्त चांगले राहिले. आणि २००२ मध्ये निकाल आला तेव्हा मध्यक आयुर्मान होतं ११.२ वर्षं विरुद्ध १३ वर्षं. जवळजवळ दोन वर्षं जास्तीची सोबत!

टॉनिकची बाटली

आता स्वतःची गोष्ट सांगतो. आमच्या घरी लॅब्रॅडॉर आला, गुंड्या. तळजाईवर सकाळी फिरायला नेला की प्रत्येक काका एक सल्ला द्यायचे. 'अरे, मोठं हाड आहे त्याचं, कॅल्शियम चालू कर.' मी चालू केलं. मोठ्या जातीच्या पिल्लाचं चांगलं ड्राय फूड, वर दोन चमचे कॅल्शियमचं टॉनिक, वर रात्रीचं दूध. गुंड्या गुटगुटीत झाला, लोक कौतुक करायचे. पाचव्या महिन्यात पुढच्या पायाने लंगडायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, खाण्याची यादी ऐकली आणि पहिली गोष्ट काय केली, तर बाटली बंद. मग खाणं मोजून. गुंड्या सावरला, पण ते दोन महिने मी रोज स्वतःला दोष देत होतो. त्याच्या लंगडण्याचं एकच कारण होतं असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण माझ्या हातात जे होतं ते मी चुकवलं होतं, एवढं नक्की.

नंतर विचार केला, हा सल्ला आला कुठून? काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या काळात कुत्र्याला मिळायचा भात, पोळी आणि मांसाचे तुकडे. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. भात-पोळीतही कमीच. अशा खाण्यावर पिल्लाची हाडं खरंच मऊ आणि ठिसूळ होतात. त्या ताटावर कॅल्शियम देणं बरोबरच होतं. मग ताट बदललं. पिशवीत कॅल्शियम मोजून घातलेलं आलं. बाटली मात्र तिथेच राहिली. जुनं औषध नव्या ताटावर ओतलं, आणि कमतरतेचा उपाय जादाचा आजार झाला.

मग पिशवी कशी निवडायची?

या इतिहासातून निघणारी कामाची गोष्ट थोडक्यात.

एक, पिशवीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. पुढचा फोटो सोडा. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या २०१६ च्या निकषांत मोठ्या कुत्र्यांच्या वाढीसाठी वेगळी ओळ आली. मोठे म्हणजे पूर्ण वाढल्यावर ७० पौंड, साधारण ३२ किलो किंवा जास्त. 'लार्ज साइज' कुत्र्यांच्या वाढीसाठीही योग्य, असं लिहिलेलं असेल तर उत्तम.

दोन, कॅल्शियमचा आकडा शोधा. कोरड्या वजनावर १.२ ते १.८ टक्के. पिशवीवर १.४ लिहिलंय आणि ओलावा १० टक्के असेल तर १.४ ला ०.९ ने भागा. साधारण १.५६ आलं. चालेल. कमाल आकडा लिहिलेलाच नसेल तर कंपनीला विचारा. विचारल्यावर सांगत नसतील तर पुढची पिशवी बघा.

तीन, असं पूर्ण खाणं चालू असेल तर वरून कॅल्शियम नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच. आणि घरचंच शिजवून घालायचं असेल तर अंदाजाने नको, पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्या.

चार, वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. हाताला बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. गुटगुटीत पिल्लू फोटोत छान दिसतं, सांध्यांना नाही.

पाच, सुटं, पोत्यातून काढून दिलेलं खाणं टाळा. त्यावर ना आकडे, ना तारीख. शिवाय पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या पोत्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही. खाणं बदलायचं झालं तर आठवडाभरात हळूहळू मिसळत बदला.

किती दिवस हे खाणं? लॅब्रॅडॉर, शेफर्डला साधारण वर्ष ते सव्वा वर्ष. ग्रेट डेन, सेंट बर्नार्डला दीड-दोन वर्षं. नेमकं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

घास बाहेर ठेवणाऱ्या माणसाचं प्रेम खरं होतं. टॉनिक सुचवणाऱ्या काकांचंही खरं होतं. माझंही होतं. पण पिल्लाच्या हाडांना प्रेम कळत नाही, ग्रॅम कळतात. तेवढे ग्रॅम मोजा, आणि हा एपिसोड त्या मित्राला पाठवा ज्याच्याकडे नवीन पिल्लू आलंय. तो बाटली घ्यायला दुकानात पोचायच्या आधी!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गुंड्यातर्फेही नमस्कार.