कपाट आणि सारांशवही

आपल्या सोसायटीच्या ऑफिसात जिन्याखाली जे पत्र्याचं कपाट आहे, त्यात रद्दीत जाता जाता वाचलेल्या पुस्तकांवर बालवाचनालय सुरू झालं. व्यवस्था माझ्याकडे. पहिलाच नियम मी केला: पुस्तक परत करताना वहीत दहा ओळी सारांश आणि 'मी यातून काय शिकलो' हे लिहायचं. हेतू चांगलाच होता हो! मे महिन्यात वही भराभर भरली. दिवाळीपर्यंत चार मुलं उरली, त्यातली दोन कॅरमची किल्ली मागायला यायची.

मग एकदा बी विंगमधला एक मुलगा 'फास्टर फेणे' परत घेऊन आला. म्हणाला, "काका, भारी आहे. पण लिहायचं असेल तर पुढचं नको."

ते मनाला लागलं. पुढे जुनी पुस्तकं चाळताना कळलं, की माझी चूक मराठीत आधीच होऊन गेली होती, आणि सुधारलीही गेली होती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' १८२८ सालची. मराठीत मुलांसाठी छापलेली ही अगदी सुरुवातीची पुस्तकं. दोन्ही भाषांतरं, दोन्हींचा रोख नीती शिकवण्यावर. छत्र्यांना दोष नाही, तेव्हा छापील पुस्तक ही शाळेचीच वस्तू होती. पण गोष्टीला तात्पर्याचं शेपूट हवंच, ही सवय आपल्याला जी लागली ती लागलीच.

१९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी मासिक काढलं. 'शब्दरत्नाकर' रचणारा कोशकार माणूस, शब्द तोलून वापरणारा. आणि मासिकाचं नाव ठेवलं 'आनंद'. 'बोध' नाही, 'ज्ञान' नाही. मला तर त्या एका नावातच सगळं सापडलं. नंतर ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत आणून सोडला, तो सायकल घेऊन संकटामागे धावत सुटला. आणि १९७१ च्या नोव्हेंबरात तर पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या 'बालभारती'नेच 'किशोर' सुरू केलं. ज्यांच्या पुस्तकांवर परीक्षा, त्यांनीच परीक्षा नसलेलं मासिक काढावं, ही मला मोठी गंमत वाटते.

आम्ही वही बंद केली. काही पालक रागावले, "मग वाचलं हे कळणार कसं?" कसं म्हणजे? जिन्यावरून 'ट्टॉक्' असा आवाज काढत पोरं धावायला लागली की कळतंच की!

बी विंगमधला तो मुलगा आता आपल्या लेकीला घेऊन येतो. तिला फेणे आवडला नाही, भुताच्या गोष्टी हव्या असतात. दिल्या.

सारांशवहीची उरलेली कोरी पानं देवघेवीच्या नोंदीला वापरली. कपाट दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ उघडं असतं.